पुरुषांचे आरोग्य : औषध, पुरावा आणि बाजार



या व्याख्यानाचा विषय ठरला तेव्हा संयोजकांनी एक शंका काढली. म्हणाले, "पुरुषांच्या आरोग्यावर बोलायचं तर भगिनींना निमंत्रण द्यायचं का?" मी म्हटलं, पहिल्या रांगेत बसवा. पुरुष आपलं दुखणं लपवतो तेव्हा त्याचा खर्च घरच्या पैशातून होतो आणि भोग बहुतेक वेळा बाईच्या वाट्याला येतात. मूल होत नाही म्हणून सुनेच्या तपासण्या वर्षानुवर्षं चालतात आणि मुलाची साधी वीर्यतपासणी कुणी करत नाही. पुढे दोन मुलं झाल्यावर ऑपरेशनलाही तीच जाते. तेव्हा विषय पुरुषांचा असला तरी तो घरातल्या सगळ्यांचा आहे.

मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. एखाद्या औषधानं गुण येतो की नाही हे ओळखायचं कसं, आणि पुरुषांच्या बाबतीत ते ओळखणं इतकं अवघड का होऊन बसलं आहे?

आष्ट्याहून सांगलीला जाताना रस्त्याकडेच्या भिंती वाचत चला. 'गुप्तरोग', 'कमजोरी', 'धातू जाणे', 'एका कोर्समध्ये फरक'. वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत कुणी तज्ज्ञ अमुक तारखेला अमुक लॉजवर भेटणार असतो. रस्त्याकडेला तंबू लागतात, बरण्यांमध्ये मुळ्या मांडलेल्या असतात. हा झाला जुना बाजार. नवा बाजार मोबाइलवर आहे. तिथे 'कमजोरी' म्हणत नाहीत, 'लो टेस्टोस्टेरॉन' म्हणतात. ताकदीच्या पावडरीला 'बूस्टर' म्हणतात आणि डबा काळा-सोनेरी असतो. पण विकायची पद्धत तीच: आधी भीती दाखवायची, मग तिच्यावरचा उतारा विकायचा.

यातली सर्वांत जुनी भीती धातूची. चाळीस घासांचा एक थेंब रक्त, चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य, हा हिशेब आपण सगळ्यांनी कधीतरी ऐकलेला आहे. झोपेत वीर्य गेलं, लघवीवाटे पांढरं दिसलं की पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा आतून हबकतो. अशक्तपणा वाटतो, पाय गळतात, अभ्यासात लक्ष लागत नाही. १९६० साली डॉ. नरेंद्रनाथ विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी या त्रासाला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. त्रास खरा असतो, हे आधी लक्षात घ्या. खोटं असतं ते कारण. शरीर वीर्य सतत तयार करत असतं. एक शुक्राणू पूर्ण तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि असे कोट्यवधी रोज तयार होतात. एका वेळी जाणारं वीर्य जेमतेम चहाच्या चमचाभर, त्यात बहुतांश पाणी. त्यातून ताकद गळून जाण्याचा प्रश्नच येत नाही. त्या मुलाला ग्रासलेलं असतं ते चिंतेनं, कधी नैराश्यानं, आणि त्यावर उपचार आहेत.

ही समजूत आपल्याच मागासलेपणाची खूण आहे असंही कुणी समजू नये. स्वित्झर्लंडचे डॉक्टर सॅम्युएल टिसो यांनी १७६० च्या सुमारास हस्तमैथुनानं आंधळेपण आणि वेड येतं अशा आशयाचं पुस्तक लिहिलं आणि युरोपातल्या नामवंत डॉक्टरांनी पुढची शंभर-दीडशे वर्षं ते खरं मानलं. युरोपनं ती समजूत पुढे सोडली, कारण तिचा पुरावा कधी सापडला नाही.

आपला हा भाग तालमींचा. हिंदकेसरी मारुती माने इथून जवळच्या कवठेपिरानचे. तालमीत ब्रह्मचर्याचा दंडक होता आणि त्याला अर्थही होता. पोरानं पहाटे उठावं, वेळेवर झोपावं, मन मेहनतीवर ठेवावं. मल्ल घडत होता तो जोर-बैठका, लढत, खुराक आणि वस्तादाची नजर यांच्यावर. शिस्तीचं श्रेय साठवलेल्या धातूला देऊन टाकलं, तिथे घोटाळा झाला. मग ज्याला शिस्त पाळता आली नाही तो स्वतःला कायमचा खचलेला समजू लागला आणि पावडरवाल्याला आयतं गिऱ्हाईक मिळालं.

या भीतीविरुद्ध महाराष्ट्रात एक माणूस एकटा उभा राहिला. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, पेशानं गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. वाचक त्यात न लाजता प्रश्न विचारत, कर्वे शास्त्राला धरून रोखठोक उत्तर देत. १९३१ साली अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला भरला गेला, तो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावरचं लेखन एवढ्यावरूनच अश्लील ठरत नाही, अशी त्यांची मांडणी होती. खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

आता त्याच काळातली वर्तमानपत्रं काढून बघा. आतंकनिग्रह गोळ्यांसारख्या शक्तिवर्धक औषधांच्या जाहिराती तिथे राजरोस छापून येत होत्या. 'हस्तमैथुनानं काही बिघडत नाही' असं फुकट सांगणाऱ्याला दंड झाला आणि 'फार बिघडलं आहे, आमची गोळी घ्या' म्हणणाऱ्याचा धंदा चालू राहिला. हा हिशेब अजून फारसा बदललेला नाही.

पाश्चात्त्य वैद्यकाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ब्राउन-सेकार हे पॅरिसचे मोठे शरीरशास्त्रज्ञ. १८८९ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी कुत्रा आणि गिनिपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण पुन्हा तरुण झालो, जिने धावत चढतो, असं विद्वानांच्या सभेत जाहीर केलं. जगभर त्या अर्काची विक्री झाली. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तोच अर्क त्याच पद्धतीनं करून तपासला. त्यातलं टेस्टोस्टेरॉन इतकं नगण्य होतं की शरीरावर काही परिणाम होणंच शक्य नव्हतं. ब्राउन-सेकार खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. मनापासून अपेक्षा असली की बरं वाटतं, आणि ते वाटणं औषधाच्या खात्यावर जमा होतं.

दुसरी गोष्ट व्हिएन्नाची. ऑयगेन श्टायनाख या शास्त्रज्ञानं असं मांडलं की पुरुषाची वीर्यनलिका बांधली तर वृषणातली शक्ती आतच राहते आणि तारुण्य परत येतं. १९२० नंतर युरोपात श्रीमंतांची यासाठी रीघ लागली. मानसशास्त्रज्ञ फ्रॉइड यांनी १९२३ साली ती शस्त्रक्रिया करून घेतली, कवी येट्स यांनी १९३४ साली. नलिका बांधण्याची ही शस्त्रक्रिया म्हणजे आपण जिला नसबंदी म्हणतो तीच, फरक असला तर बारीकसारीक. तिकडे मर्दानगी मिळावी म्हणून माणसं पैसे मोजून ती करून घेत होती. इकडे मर्दानगी जाईल, नांगर धरवणार नाही, म्हणून माणसं तिच्यापासून पळतात.

दोन्ही समजुती चूक आहेत. नसबंदीत फक्त शुक्राणूंची वाट बंद होते. वृषणातलं संप्रेरक थेट रक्तात जातं, ते चालूच राहतं. ताकद, इच्छा, ताठरता आणि दाढीमिशा सगळं होतं तसंच राहतं. बिनटाक्याची पद्धत चीनमधल्या डॉ. ली शुनच्यांग यांनी १९७४ साली शोधली, तिला काही मिनिटं लागतात. फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून खात्री करायची. आणीबाणीत झालेल्या सक्तीनं या शस्त्रक्रियेचं नाव बदनाम झालं, हे मान्य करायला हवं. तो राग रास्त होता. पण त्या रागाची किंमत पन्नास वर्षं बायका मोजत आहेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्रियांच्या नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषांच्या नसबंदीचं ०.३ टक्के होतं. बाईची शस्त्रक्रिया पोट उघडून किंवा दुर्बिणीनं करावी लागते, पुरुषाची त्याहून कितीतरी सोपी. तरी आकडे असे उलटे.

मग गुण औषधाचा की अपेक्षेचा, हे ठरवायचं कसं? याचं उत्तर या सभागृहातल्या शेतकऱ्यांना डॉक्टरांपेक्षा चांगलं ठाऊक आहे. कंपनीचा माणूस उसासाठी नवीन टॉनिक घेऊन आला तर शहाणा शेतकरी सगळ्या रानावर फवारत नाही. चार सऱ्या फवारतो आणि शेजारच्या दोन तशाच सोडतो. त्या वर्षी पाऊस चांगला झाला तर सगळाच ऊस वाढतो. टॉनिकानं किती वाढला हे सोडलेल्या सऱ्या बघितल्याशिवाय कळत नाही. औषधाची चाचणी म्हणजे हेच. निम्म्यांना औषध द्यायचं, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत काही नसलेली गोळी. कुणाला कोणती दिली हे घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. मग दोन्हीकडचा फरक मोजायचा.

सिल्डेनाफिलचं उदाहरण घ्या. हे औषध आधी हृदयाच्या दुखण्यासाठी तपासलं जात होतं. तिथे विशेष उपयोग दिसला नाही, पण ताठरतेवर परिणाम दिसला. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध घेणाऱ्यांचे ६९ टक्के संबंध यशस्वी झाले, रिकामी गोळी घेणाऱ्यांचे २२ टक्के. यातल्या २२ वर नजर ठेवा. ज्या गोळीत काहीच नाही, तिनंही पाचातल्या एका वेळी यश आलं. मन निवळलं, भीती गेली, काम झालं. लॉजवरचा तज्ज्ञ जगतो तो या २२ टक्क्यांवर. 'आमच्या गावात चौघांना गुण आला' हे सांगणारा खोटं बोलत नसतो. त्यानं सोडलेली सरी बघितलेली नसते, इतकंच.

आणि ज्यांना गुण येत नाही त्यांचं काय? ते बोलत नाहीत. गुण आला नाही म्हणून कुणी ग्राहक मंचात गेला आहे का? कुणी चावडीवर सांगितलं आहे का? गुण आलेला कानात सांगतो, न आलेला गप्प बसतो. म्हणून बाजारात यशाच्या गोष्टी तेवढ्या फिरतात. लाज हे या धंद्याचं खरं भांडवल आहे, आणि ते आपण फुकट पुरवतो.

काही पुड्यांनी मात्र खरोखर गुण येतो. तेव्हा जास्त सावध राहा. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांच्या नोंदींत २००७ ते २०१६ या काळात औषधांची भेसळ असलेली ७७६ पूरक उत्पादनं सापडली. त्यांतली ३५३, म्हणजे सर्वाधिक, लैंगिक शक्तीच्या नावानं विकली जात होती आणि त्यांतली सर्वांत नेहमीची भेसळ सिल्डेनाफिलची होती. डब्यावर 'शंभर टक्के वनस्पतीजन्य'. समजा, पन्नाशीच्या एखाद्या गृहस्थांना हृदयविकार आहे आणि छातीत दुखलं की ते सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवतात. सिल्डेनाफिल आणि ही गोळी एकत्र आली की रक्तदाब एकदम कोसळतो, प्रसंगी जीव जातो. दवाखान्यात आणल्यावर डॉक्टरला पुडीबद्दल कुणी सांगत नाही. पुडी घेतली असेल तर लाज बाजूला ठेवा, सांगा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ताठरतेची तक्रार ही बऱ्याचदा हृदयाची आगाऊ नोटीस असते. लिंगाला रक्त पुरवणारी धमनी एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चार मिलिमीटरची. आतून चरबीचा थर बसू लागला की बारीक धमनी आधी तुंबते. म्हणून अनेक रुग्णांत ही तक्रार हृदयाच्या झटक्याच्या दोन ते पाच वर्षं आधी दिसते. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू आणि दारू ही तिची नेहमीची कारणं. चाळिशीच्या पुढचा माणूस वर्षभर पुड्या खात बसला तर ही दोन-पाच वर्षं हातची जातात. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासायला लागणारा पैसा एका 'कोर्स'पेक्षा कितीतरी कमी आहे, आणि सरकारी रुग्णालयात तर नाममात्र.

आता तरुणांकडे वळतो. व्यायामशाळांत टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं फिरतात. रक्तात ते खरोखरच कमी असेल, लक्षणं असतील आणि सकाळच्या वेळी दोनदा तपासून खात्री झाली असेल, तर हे औषध उपयोगी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ट्रॅव्हर्स चाचणीत पाच हजारांहून अधिक पुरुष होते. सगळ्यांचं टेस्टोस्टेरॉन कमी आणि सगळ्यांना हृदयविकार किंवा त्याचा धोका. औषधानं हृदयाचे झटके वाढले नाहीत. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात रक्ताची गाठ अडकणं वाढलं. गरज असलेल्यांतही एवढा तोल सांभाळावा लागतो. ज्याला गरजच नाही त्या पंचविशीच्या पोरानं बाहेरून ते टोचून घेतलं की वृषणं आपलं काम थांबवतात, शुक्राणू बनणं बंद पडत जातं. हे इतकं खात्रीचं आहे की जागतिक आरोग्य संघटनेनं टेस्टोस्टेरॉनची साप्ताहिक इंजेक्शनं पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासली होती. दंड फुगवायला गेलेला मुलगा लग्नानंतर वंध्यत्वाच्या दवाखान्यात येतो तो असा. व्यायामशाळांत फिरणारं दुसरं, मेफेंटरमाइनचं इंजेक्शन तर स्नायूंचं औषधच नव्हे. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणायला भूलतज्ज्ञ ते वापरतात. दम वाढतो म्हणून व्यायामाआधी टोचून घेणाऱ्या पोरांना त्याचं व्यसन लागतं आणि हृदयावर ताण येतो. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात पोलिसांनी त्याचे साठे पकडलेले आहेत.

इथे कुणी म्हणेल, डॉक्टर ॲलोपॅथीचे, म्हणून आयुर्वेदावर घसरणार. नाही. आपल्या आष्ट्यात आयुर्वेदाचं महाविद्यालय आहे. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे आणि शिकलेला वैद्य आधी रुग्णाचा आहार, झोप, मन आणि इतर रोग बघतो. भिंतीवर नंबर रंगवून ठेवत नाही. अश्वगंधेवर चाचण्या झाल्या आहेत, काहींत ताण आणि झोप यांत फरक दिसला. पण बहुतेक चाचण्या थोड्या माणसांवर, काही आठवड्यांच्या. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. म्हणजे 'आशा आहे, खात्री नाही', एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. भस्मांच्या बाबतीत अधिक जपावं. २००४ साली बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं होतं.

आणि कसोटी लावायची तर ती आमच्या चकचकीत क्लिनिकांनाही लावा. स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा अंश काढून लिंगात टोचायचा, असा महागडा उपचार मोठ्या शहरांत विकला जातो. मायामी विद्यापीठाच्या २०२३ च्या चाचणीत त्याचा आणि रिकाम्या इंजेक्शनचा परिणाम सारखाच निघाला. उलट केसगळतीवर मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड या दोन औषधांना भक्कम पुरावा आहे. दोन्ही चालू ठेवली तरच उपयोग होतो. दुसऱ्यानं लैंगिक तक्रारी होऊ शकतात, म्हणून तेही डॉक्टरला विचारून घ्यायचं. पदवी इंग्रजी आहे की संस्कृत, याच्याशी पुराव्याला देणंघेणं नाही.

कायदा आहे का? आहे, आणि सत्तर वर्षांपूर्वीचा आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केला तर वर्षापर्यंत कैद. म्हणजे भिंतीवरची ती अक्षरं मुळातच बेकायदा आहेत. पण तक्रारीशिवाय कायदा हलत नाही, आणि तक्रार करायची म्हटली की तक्रारदाराचं नाव लिहावं लागतं. पुन्हा लाज आडवी येते.

म्हणून जाताना काही गोष्टी मागतो. कुणी उपचार सुचवला तर त्याला तीन प्रश्न विचारा. यात नेमकं काय आहे? हे न घेतलेल्यांच्या तुलनेत किती जणांना गुण आला? आणि अपाय काय होतो? या तिन्हींची उत्तरं जो देत नाही त्याला पैसे देऊ नका. चाळिशीनंतर ताठरतेची तक्रार आली तर आधी साखर आणि रक्तदाब तपासा. मूल होत नसेल तर पहिल्याच भेटीत नवराबायको दोघांनी तपासणी करून घ्या. मन खचलं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, तिथे नाव लपवूनही बोलता येतं. सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय मेडिकल कॉलेज इथून दूर नाहीत.

आणि एक मागणं गावाकडे. आष्ट्यातल्या प्रत्येक तालमीनं, व्यायामशाळेनं आणि कॉलेजनं वर्षातून एकदा डॉक्टरला बोलवावं आणि मुलांना चिठ्ठीवर, नाव न लिहिता, प्रश्न विचारू द्यावेत. नव्वद वर्षांपूर्वी अशी उत्तरं देणाऱ्या माणसाला आपण दंड केला. आज कुणी दंड करणार नाही. तेव्हा मुलांना विचारू द्या आणि उत्तर खरं द्या.